गाणं आवडलं, पण राग ऐकायला कोणी थांबलं का?

मिरजकर_तानपुरी

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते. मी मिरजेत घरी गाण्याचा क्लास घेते. सतारमेकर गल्ली घरापासून चालत पाच मिनिटांवर. थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात होणारी संगीत सभा लहानपणापासून वडिलांच्या मांडीवर बसून ऐकली. म्हणजे या विषयात मी तटस्थ नाही, हे आधीच सांगते.

मागच्या महिन्यात जवळच्या शहरात एका नामवंत गायकांची मैफल होती. नाव लिहीत नाही, कारण माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाहीच. सिनेमातली त्यांची दोन-तीन गाणी घराघरांत पोचली आहेत, त्यामुळे सभागृह खच्चून भरलेलं. मैफलीला एवढी तरुण मुलं मी कितीतरी वर्षांत पाहिली नव्हती. जीव सुखावला.

पूरिया कल्याणनं सुरुवात झाली. विलंबित एकताल, म्हणजे अगदी संथ लय. दहा मिनिटांत माझ्या पुढच्या रांगेत मोबाइल उजळायला लागले. मागून फर्माइशीची एक चिठ्ठी गेली, थोड्या वेळानं दुसरी. बुवांनी पंचवीस मिनिटांत राग आवरता घेतला. बढत, म्हणजे रागाचा टप्प्याटप्प्यानं होणारा विस्तार, अजून तार षड्जावर (वरच्या 'सा'वर) पोचून स्थिरावलीही नव्हती. मग सिनेमातलं पद सुरू झालं आणि सगळे हात मोबाइल धरून वर. पद संपलं, टाळ्या झाल्या आणि निम्मं सभागृह उठलं. शेवटची भैरवी रिकाम्या खुर्च्यांपुढे झाली.

शास्त्रीय गायकांनी सिनेमात, भावगीतात, फ्यूजनमध्ये गायलं की नवा श्रोता मिळतो, असं आपण नेहमी ऐकतो. मला वाटतं, श्रोता दारापर्यंत येतो. आत येतो का, हा खरा प्रश्न आहे. मला वाद घालायचा नाही, खरंच जाणून घ्यायचंय. तुमच्यापैकी कोणी या वाटेनं येऊन ख्याल, म्हणजे मैफलीत सावकाश उलगडणारं रागगायन, ऐकायला लागलंय का? लागलं असेल तर नेमकं काय घडलं?

निशिगंध

छान धागा. वाचतेय.

नाट्यवेडे_आजोबा

ताई, प्रश्न चांगला आहे, पण त्यातल्या एका गृहीतकाला माझी हरकत आहे. शास्त्रीय गायक एका अंगणात आणि लोकांचं गाणं दुसऱ्या अंगणात, मधे भिंत, असं चित्र आपल्याकडे पूर्वी नव्हतं. निदान महाराष्ट्रात तरी नव्हतं.

भास्करबुवा बखले यांच्यापेक्षा मोठा शास्त्रीय गवई कोण? त्यांनीच १९१६ साली 'स्वयंवर' नाटकाच्या पदांना चाली दिल्या. ख्यालाच्या बंदिशींवरून बेतलेल्या त्या चाली बालगंधर्वांच्या गळ्यातून ज्यांना 'यमन' हा शब्दही ठाऊक नव्हता त्यांच्या ओठांवर बसल्या. त्याआधी १९११ च्या 'मानापमान'ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या होत्या. सवाई गंधर्व, म्हणजे भीमसेनजींचे गुरू, स्वतः नाटकात स्त्री-भूमिका करत. मास्तर कृष्णरावांनी नाटक केलं, मैफली केल्या आणि 'प्रभात'च्या सिनेमांना संगीतही दिलं. हिराबाई बडोदेकर, तुमच्या खाँसाहेबांचीच कन्या, मैफल गाजवायच्या आणि भावगीतांच्या रेकॉर्डही द्यायच्या.

आणि ती रेकॉर्ड! तीन-साडेतीन मिनिटांची एक बाजू. खुद्द अब्दुल करीम खाँसाहेब तेवढ्या वेळात ठुमरी संपवायचे. तुमचे बुवा पंचवीस मिनिटांत आटोपले म्हणून वाईट वाटून घेऊ नका. तीन मिनिटांत जे सापडलं ते आपण शंभर वर्षं ऐकतोय.

केरवा

आजोबांना +१. तीन मिनिटांत सगळं सांगून मोकळे होणारे आणखी दोघे-चौघे आमच्या सोसायटीच्या मीटिंगला हवे होते.

कोमल_धैवत

ताई, तुम्ही विचारलंय तसा माणूस मीच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

२०१५ ची दिवाळी. आईला 'कट्यार काळजात घुसली' बघायचा होता, सोबत म्हणून मी गेलो. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, कानात सतत हेडफोन आणि त्यात शास्त्रीय सोडून सगळं. सिनेमा आवडला. महेश काळे, राहुल देशपांडे, शंकर महादेवन यांचे आवाज आठवडाभर डोक्यात फिरत होते. पण तेवढंच. तिथेच थांबलो असतो तर तुमच्या त्या उठून गेलेल्या निम्म्या सभागृहात मी असतो.

पुढे झालं असं की मामाकडे गेलो असताना त्यानं मूळ नाटकाची गाणी लावली. दारव्हेकरांचं १९६७ चं नाटक, संगीत अभिषेकीबुवांचं, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. मामा म्हणाला, "'घेई छंद मकरंद' दोन चालींत आहे. दोन्ही लागोपाठ ऐक आणि सांग, यातला कोण तुझ्याशी प्रेमानं बोलतोय आणि कोण तुला आव्हान देतोय." शब्द तेच. एका चालीत ओळ सावकाश उलगडते, दुसरीत तीच ओळ अंगावर येते. घराणं म्हणजे गायकीची वेगळी रीत, हे मला त्या दुपारी कळलं. त्याआधी घराणं म्हणजे आडनावासारखं काहीतरी वाटायचं.

मग मामानं वसंतरावांचा मारवा राग लावला. कळलं काहीच नाही. पण अस्वस्थ वाटलं आणि ते का वाटतंय हे शोधायची इच्छा झाली. आज मी ऑफिसला जाता-येता पन्नास मिनिटांचा मालकंस ऐकतो. शिकत नाही, गात नाही, फक्त ऐकतो.

सिनेमानं मला दारापर्यंत आणलं हे खरं. आत मामानं नेलं.

मिरजकर_तानपुरी

@कोमल_धैवत, हेच हवं होतं मला. शेवटची दोन वाक्यं वहीत उतरवून ठेवली. मामांना माझा नमस्कार सांगा.

मांडवीकाठ

गोव्याहून लिहितेय. वर जे चाललंय त्यात किशोरीताई आमोणकरांचा उल्लेख यायलाच हवा.

१९६४ साली त्यांनी 'गीत गाया पत्थरों ने'चं शीर्षकगीत गायलं. माई, म्हणजे त्यांच्या आई मोगूबाई कुर्डीकर, यांना ते अजिबात रुचलं नाही. सिनेमात गायचं असेल तर माझ्या तंबोऱ्यांना हात लावायचा नाही, असं माईंनी बजावल्याचं किशोरीताईंनी पुढे मुलाखतींत सांगितलं आहे. आज हे ऐकून कडक वाटतं. पण जयपूर घराण्याची तालीम म्हणजे काय हे माहीत असेल तर माईंची भीती समजते. एका स्वरावर वर्षं घालवून जो गळा तयार केला, त्याला बाहेरच्या माणसानं ठरवून दिलेल्या साच्यात बसवायचं. त्यातून तो गळा परत तसाच येईल याची खात्री कोण देणार?

नाट्यवेडे_आजोबा

मांडवीकाठताई, माईंबद्दल पूर्ण आदर ठेवून एक आठवण करून देतो. माई स्वतः लहानपणी नाटक कंपनीत होत्या. पुढे आजारपणात सांगलीला राहिल्या असताना त्यांचा रियाज अल्लादिया खाँसाहेबांच्या कानावर पडला आणि तिथून ती तालीम सुरू झाली. म्हणजे नाटकाच्या वाटेनंच त्या तिथवर आल्या होत्या.

मांडवीकाठ

म्हणूनच तर, आजोबा. ती वाट त्यांनी चालून पाहिली होती. लेकीला कशापासून सांभाळायचं हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं.

शिवाय किशोरीताईंनी लोकांसाठी गाणं सोडलं असं कुठे झालं? 'अवघा रंग एक झाला'ची चाल त्यांची स्वतःची. हृदयनाथ मंगेशकरांकडे त्यांनी 'जाईन विचारित रानफुला' गायलं. १९९० च्या 'दृष्टी' सिनेमाचं संगीत त्यांनी केलं. पण प्रत्येक वेळी गाणं त्यांच्या सुराकडे चालत आलं. माझ्या लेखी सगळा फरक एवढाच आहे. कोण कोणाकडे गेलं?

साउंडवाला_मुंबई

मी रेकॉर्डिंग स्टुडिओत काम करतो. मांडवीकाठ यांनी 'साचा' म्हटलंय, तो कसा असतो ते सांगतो. बाहेर बसून अंदाज येत नाही.

पहिली गोष्ट पट्टीची. मैफलीत गायक आपल्या पट्टीत गातो, तंबोरे त्याला जुळतात. इथे पट्टी संगीतकार ठरवतो, कधी पडद्यावरच्या नटाच्या आवाजाकडे बघून, कधी कोरस सोपा जावा म्हणून. दुसरी गोष्ट लयीची. कानात लय मोजणारी क्लिक वाजत असते, ती बुवांसाठी थांबत नाही. तबलजी समजून घेतो, क्लिक घेत नाही. तिसरी गोष्ट, गाणं सलग होतच नाही. ओळ-ओळ घेतो, कधी अर्धी ओळ पंच करतो, म्हणजे तेवढाच तुकडा पुन्हा घेऊन जोडतो. ज्या माणसाला पहिल्या आवर्तनातून दुसरं सुचतं, त्याला आपण सांगतो की पहिलं छान होतं, आता फक्त शेवटचे तीन शब्द परत द्या.

आणि शेवटी ट्यूनिंगचं सॉफ्टवेअर. काळजी घेतली नाही तर ते प्रत्येक सूर जवळच्या ठरावीक सुरावर नेऊन बसवतं. दरबारी रागाचा गंधार (ग) डोळ्यांपुढे आणा. तो एका जागी नसतोच, झुलतो. सॉफ्टवेअरला ती चूक वाटते. आमच्या टेबलवर एकदा एका ज्येष्ठ गायिकेच्या मींडेच्या, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाण्याच्या, पायऱ्या झाल्या होत्या. ती फाइल मी रात्री बसून पुन्हा हातानं मोकळी केली. कुणी सांगितलं नव्हतं, पण तसं ठेवून घरी जाववेना.

तरीही मी या येण्याच्या विरोधात नाही. शास्त्रीय बैठक असलेला माणूस माइकसमोर उभा राहतो तेव्हा पहिल्या 'सा'लाच खोलीतली हवा बदलते. आमचा चहावाला मुलगासुद्धा दारात थांबतो.

केरवा

साउंडवाले, त्या मींडेसाठी तुम्हाला साष्टांग नमस्कार.

मी तबला वाजवतो, थोडं पैशांबद्दल बोलतो, कारण त्यावर कोणी बोलतच नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी शास्त्रीय मैफलीला अजूनही पुष्कळदा शाल, नारळ आणि पाकीट मिळतं. ते पाकीट उघडायचीही गरज नसते, हाताला कळतं. त्याच गायकाला अभंग-नाट्यगीतांच्या कार्यक्रमाला बोलावलं की साथीदारांसकट सगळ्यांचा महिना निघतो. मुलांच्या फिया कोणाला चुकल्यात? सिनेमात गायलेल्या प्रत्येकाला 'नवा श्रोता मिळवायला गेला' असं म्हणायची गरज नाही. पोट भरायला गेला असेल तरी त्यात कमीपणा नाही.

आणि कधी बाजू उलटीही पडते. 'मुघल-ए-आझम'ला बडे गुलाम अली खाँसाहेबांना गायचं नव्हतं. नको म्हणायचं म्हणून त्यांनी एका गाण्याचे पंचवीस हजार मागितले आणि दिग्दर्शक के. आसिफ हो म्हणाले, असं सांगतात. लता-रफी तेव्हा एका गाण्याला काही शेच घेत म्हणे. खरंखोटं संगीतकार नौशादसाहेब जाणोत, पण ही गोष्ट ऐकली की प्रत्येक तबलजी ताठ बसतो.

गप्पिष्ट

अवांतर: गोष्टी निघाल्याच आहेत तर १९५६ चा 'बसंत बहार'. मन्ना डे यांना कळलं की गाण्याच्या मुकाबल्यात समोर भीमसेन जोशी आहेत आणि पडद्यावर जिंकायचं आहे मन्नादांना! ते म्हणे मुंबईतून पळूनच जाणार होते. शेवटी धीर आला, रियाज केला आणि 'केतकी गुलाब जूही' झालं. भीमसेनजींनी नंतर त्यांना शास्त्रीय गा असं सुचवलं, असं मन्नादा सांगत.

म्हणजे ही वाहतूक दुतर्फा होती.

निशिगंध

आणि १९५२ चा 'बैजू बावरा'! तिथे अमीर खाँ आणि आपले द. वि. पलुस्कर समोरासमोर. माझ्या आजीला एवढं एकच शास्त्रीय गाणं पाठ होतं, तेही भाकऱ्या थापता थापता.

कोमल_धैवत

अमीर खाँसाहेबांबद्दल मला हे फार वाटतं. 'झनक झनक पायल बाजे'चं शीर्षकगीत त्यांचं. इतकं प्रसिद्ध होऊनही मैफलीतला त्यांचा झुमरा, म्हणजे तो संथ ताल, एका मात्रेनंही घाईला आला नाही. लोकांनी तिथे यायचं तर त्या लयीत यायचं.

टाळकरी

आमच्या घरी वारी आहे. आजोबांनी सत्तावीस वाऱ्या केल्या. मैफल म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं, आणि बिनबोलावता कुठे जाऊन बसण्याचा त्यांचा स्वभावही नव्हता. पण भीमसेनजींची अभंगवाणी रेडिओवर लागली की शेतातल्या पाण्याचं दार तसंच सोडून बांधावर बसायचे. राम फाटकांची चाल असलेला 'तीर्थ विठ्ठल' लागला की त्यांचे हात आपोआप टाळ धरल्यासारखे हलायचे. पुढे १९८८ साली टीव्हीवर 'मिले सूर मेरा तुम्हारा' आलं. पहिलाच आवाज ऐकून म्हणाले, "हा आपला बुवा." ती भैरवी आहे हे त्यांना कोणी सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती.

म्हणून धागाकर्तीला विचारतो, आजोबा 'आत' आले नाहीत असं म्हणायचं का? त्यांनी विलंबित कधी ऐकला नाही. पण सूर त्यांना लागला होता.

फडावरचा

टाळकरी माउली, तुमचं वाचून डोळे भरून आले. तरी वारीच्याच घरातला म्हणून दुसरी बाजू मांडतो. राग मानू नका.

अभंगाला स्वतःच्या चाली होत्या. फडाफडाच्या, गावागावाच्या. पखवाज आणि टाळावर चालणाऱ्या, पन्नास माणसं एका दमात म्हणू शकतील अशा. त्या एकट्याच्या गळ्यासाठी नव्हत्याच. मोठ्या गायकांनी अभंग मैफलीत नेला, फार सुंदर गायला, मीही ऐकतो. पण आज कुठल्याही भजनी मंडळात जा, स्पर्धेत बसा, सगळीकडे कॅसेटमधली चाल. तीही तशी जमत नाही, मग अर्धवट ताना घेतल्या जातात आणि मागच्या रांगेतला म्हातारा गप्प बसतो, कारण त्याला ती म्हणता येत नाही. आमच्या गावातल्या तीन जुन्या चाली आता फक्त एका काकांना येतात, त्यांचं वय ऐंशीच्या पुढे आहे.

शास्त्रीय गायकाला नवा श्रोता मिळाला, ठीक. पण ज्या अंगणात तो आला तिथे आधीपासून कोणीतरी गात होतं, हे कोणी विचारतच नाही.

नाट्यवेडे_आजोबा

हा मुद्दा माझ्या कधी लक्षात आला नव्हता. त्या काकांच्या चाली ध्वनिमुद्रित करून ठेवा हो. मोबाइलवर केल्या तरी चालेल.

साउंडवाला_मुंबई

@फडावरचा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. सामान घेऊन मी येतो, खर्चाचं बोलू नका.

टाळकरी

फडावरचा, राग कसला. माझे आजोबासुद्धा रेडिओवर अभंगवाणी ऐकायचे, पण वारीत त्यांनी ती चाल कधी म्हटली नाही. तुम्ही लिहिल्यावर आत्ता हे लक्षात येतंय.

बे_एरियातून

इथे कॅलिफोर्नियात आमच्याकडे चित्र थोडं वेगळं आहे. बरीच मुलं शास्त्रीय गाण्याच्या क्लासला जातात, पण ती मुळात मराठी टिकावं म्हणून. मंडळाच्या गणपतीत 'सूर निरागस हो' गायचं असतं, म्हणून क्लास. माझ्या लेकीचंही तसंच झालं. चार वर्षांत तिला बिहाग, यमन, भूप येतात. पण परवा म्हणाली, "आई, गाणं शिकते ते मला आवडतं, ऐकायला मात्र कंटाळा येतो." मी तिला काय उत्तर देऊ, तेच कळेना. आम्ही तिला स्टेजवर उभं करायला शिकवलं, बसून ऐकायला नाही शिकवलं.

निशिगंध

हे फार टोचलं. आमच्याकडे रिअ‍ॅलिटी शोची स्वप्नं बघणाऱ्या घरांतही हेच.

मला विचाराल तर माझी वाट गायक रशीद खाँची. २००७ साली 'जब वी मेट'मधलं त्यांचं गाणं होस्टेलवर दिवसरात्र चालायचं. गायक कोण हेही माहीत नव्हतं. जानेवारी २०२४ मध्ये ते गेले, आणि चारच दिवसांनी प्रभाताई अत्रे गेल्या. त्या आठवड्यात सगळीकडे दोघांचं गाणं लागलं होतं. तेव्हा पहिल्यांदा रशीद खाँचा ख्याल पूर्ण ऐकला. इतकी वर्षं एका ओळीपाशी थांबले होते आणि तो माणूस पलीकडे एवढा मोठा पसरलेला होता. मला कोणी मामा भेटला नाही, म्हणून सतरा वर्षं लागली.

मिरजकर_तानपुरी

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. टाळकरी, तुमच्या आजोबांबद्दल वाचल्यावर माझा 'दाराबाहेर आणि आत' हा शब्दप्रयोग मी मागे घेते. ज्याला सूर लागलाय त्याला मी बाहेरचा म्हणणारी कोण. फडावरचा यांचा मुद्दा तर मी क्लासमध्ये वाचून दाखवणार आहे.

पण निशिगंध आणि कोमल_धैवत यांचं वाचून मी गेल्या शनिवारी एक करून बघितलं. क्लासमध्ये बारा ते पंधरा वयाची सात मुलं आहेत. त्यांना रशीद खाँसाहेबांचं तेच गाणं ऐकवलं. सगळ्यांना पाठ होतं, लगेच म्हणायला लागली. मग गाणं बंद केलं आणि काही न सांगता तंबोऱ्यावर तिलक कामोद राग गुणगुणले. प नि सा रे ग सा, रे प म ग, सा नि. चार-पाच वेळा नुसतं तेवढंच. 'ग'वरून खाली येऊन ते मंद्र (खालच्या सप्तकातल्या) नि वर टेकणं सावकाश केलं.

एक मुलगी, एरवी खिडकीबाहेर बघणारी, ती म्हणाली, "बाई, ते गाणं यातच राहतं का?"

मी म्हटलं, राहतं. चल, त्याचं घर बघू. आणि त्याच रागातली 'नीर भरन कैसे जाऊँ' ही बंदिश सुरू केली. पाऊण तास गेला. तीन मुलं कंटाळली, त्यांना मी खुशाल जाऊ दिलं. चार बसली. काल सकाळी त्या मुलीच्या आईचा फोन आला, ती घरात सारखं 'सा नि, सा नि' करत फिरतेय, बरी आहे ना?

मांडवीकाठ

एकदम बरी आहे म्हणावं!

कोमल_धैवत

ताई, तुम्ही तिच्या मामा झालात.

बे_एरियातून

हे आज रात्रीच लेकीबरोबर करून बघते. तिलक कामोद तिला अजून शिकवलेला नाही, ते बरंच आहे.

केरवा

एक धंद्यातला प्रश्न. पाऊण तास मुलं बसली, तर ठेका काय ठेवला होता? तबलजी होता की मशीन?

मिरजकर_तानपुरी

बंदिश तीनतालातली, ठेका मशीनवर, मध्यलय. पण तो शेवटची दहा मिनिटं. त्याआधी सगळा वेळ नुसता तंबोरा, आमच्या गल्लीतच बनलेला, वडिलांचा.